जुळा भाऊ, तोच बी२७, मग माझी पाठ कधी?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, आम्ही जुळे भाऊ, अगदी एकसारखे, मी सात मिनिटांनी धाकटा. वय ३१, कराडला असतो. दादाची पाठ चोविसाव्या वर्षापासून धरायची. चार वर्षं नुसती गादी बदल, मसाज, पट्टा चाललं होतं, शेवटी एमआरआय केला तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचा सुजेचा आजार) निघालं, एचएलए-बी२७ हा जीन पॉझिटिव्ह. मग मी पण टेस्ट केली, मी पण पॉझिटिव्ह. मला काहीच होत नाही, पण रात्री कूस बदलताना जरा कळ आली तरी वाटतं झालं, सुरू झालं. जर्मनीतल्या मावसभावाने टी-सेल रिसेप्टरच्या जीनवर काहीतरी पाठवलंय, म्हणे रशियात त्याच पेशी मारणारं औषध आलंय. इकडे एका लॅबचा मेसेज आलाय, 'टी-सेल प्रोफाइल करा, आजाराचा धोका आधीच ओळखा', चांगलंच महाग आहे. करू का? आणि घरात माझ्या लग्नाचं बघतायत, मुलीकडच्यांना हे सांगायचं का? – सात मिनिटांनी धाकटा"

अरे सात मिनिटांच्या,

तुझं पत्र वाचून मला आधी तुझ्या टेस्टच्या पैशांचं वाईट वाटलं. एकसारख्या जुळ्यांत एकाचा बी२७ पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्याचा असणारच, त्यात तपासायचं काय होतं, दादाच्या रिपोर्टवर तुझं नाव लिहिलं असतं तरी चाललं असतं. बावीस वर्षं मी एचएलए टायपिंगच्या लॅबमध्ये काढली, रोज हेच रिपोर्ट सही करून बाहेर पाठवायचे, आणि दर आठवड्याला कुणीतरी खिडकीशी येऊन विचारायचं, "मॅडम, पॉझिटिव्ह म्हणजे झालाच का?" तुझा प्रश्न तोच आहे, फक्त जुळा असल्यामुळे जास्त अवघड. अरे-तुरे करतेय, रागावू नकोस, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे. आणि मी डॉक्टर नाही, लॅबवाली आहे, औषधांचं शेवटचं दादाच्या संधिवातवाल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

उत्तरं आधीच देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. ते महागाचं पॅकेज करू नकोस. रशियाचं औषध खरं आहे, भारी आहे, पण तुझ्यासाठी नाही. मुलीला सांग. आता का ते सांगते, त्याला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

बी२७ चं प्रकरण १९७३ पासूनचं आहे. लंडनमध्ये ह्या आजाराचे ७५ पेशंट तपासले तर त्यातल्या ७२ जणांत बी२७ निघाला, आणि तुलनेला घेतलेल्या ७५ लोकांत फक्त ३ जणांत. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या टीमलाही हेच दिसलं. असे आकडे मेडिकलमध्ये क्वचित बघायला मिळतात, त्यामुळे तेव्हापासून बी२७ म्हणजे हाच आजार असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पण तेच उलट्या बाजूने बघ ना, रस्त्यावरून जाणारे शंभर बी२७ वाले उभे केले तर त्यातल्या जेमतेम दोन ते पाच जणांना हा आजार होतो, बाकीच्यांना आयुष्यभर पत्ता पण नसतो की आपल्याकडे असलं काही आहे.

आता इथे मी तुला गोड बोलून फसवू शकते पण फसवणार नाही, कारण तू रस्त्यावरून जाणारा नाहीस. ज्याच्या सख्ख्या भावा-बहिणीला आजार आहे त्याचा धोका ह्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि एकसारख्या जुळ्यात तर अजून जास्त. जुळ्यांवरचे अभ्यास छोटे आहेत, हातावर मोजण्याइतक्या जोड्या, पण त्यात साधारण निम्म्यापासून पाऊण जोड्यांपर्यंत दुसऱ्या भावालाही झालेला दिसतो. म्हणजे तुझी भीती येडी नाहीये. पण वाक्य पूर्ण वाच: पाव ते निम्म्या जोड्यांत दुसरा भाऊ ठणठणीत राहतो, जीन्स सगळे तेच, आई तीच, ताट तेच. तो कसा काय सुटतो? तुझ्या मावसभावाने जे पाठवलंय ना, ते ह्या प्रश्नाचं एक मोठं उत्तर आहे, फक्त त्याने ते तुला घाबरवायला वापरलं.

शाळेत आपण शिकलो की शरीरातल्या प्रत्येक पेशीत जीन्स तेच असतात. ह्याला एक मोठा अपवाद आहे तो म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-सेल आणि बी-सेल. ह्या पेशी तयार होताना स्वतःचाच डीएनए कापतात आणि परत जोडतात, आणि प्रत्येक पेशी वेगळ्या ठिकाणी कापते. अँटीबॉडीसाठी हे सुसुमु टोनेगावा ह्या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं आणि त्याला १९८७ चं नोबेल मिळालं. टी-सेल समोरचं ज्या प्रोटीनने चाचपते तो तिचा रिसेप्टर, त्याचे जीन्स सापडले १९८४ मध्ये, एक टीम अमेरिकेत मार्क डेव्हिसची आणि दुसरी टोरांटोत टाक माक यांची, दोघांना साधारण एकाच वेळी.

गणपतीत जागरणाला पत्ते खेळला असशील. समज कॅट एकच आहे, तुझा आणि दादाचा, आईबाबांकडून आलेला, पानन् पान सारखं. टी-सेलचा रिसेप्टर दोन साखळ्यांचा असतो, अल्फा आणि बीटा. बीटा साखळीसाठी सातव्या क्रोमोसोमवर व्ही नावाचे पन्नासच्या आसपास तुकडे आहेत, डी नावाचे दोन आणि जे नावाचे तेरा. पेशी प्रत्येकातला एकेक उचलते आणि त्यांच्या मधला डीएनए कापून टाकून देते, परत मिळत नाही. अल्फा साखळीचं सामान चौदाव्या क्रोमोसोमवर, तिथे डी नाही पण जे पन्नासच्या घरात. म्हणजे कॅट पिसून वाटल्यासारखंच की, हात प्रत्येकाचा वेगळा येणार.

पण खरी गंमत पत्त्यांत नाही, जोडात आहे, आणि इथे पत्त्यांची उपमा सोडून टेलरकडे जावं लागतं. व्ही आणि जे जोडताना पेशी कडा नीट ठेवतच नाही. डीएनएची काही अक्षरं कुरतडते, काही आपल्या मनाने नवीन घालते. नवीन घालणारं एक एन्झाइम आहे, टीडीटी, ते कुठलाही नमुना बघून लिहीत नाही, जे हाताला लागेल ते अक्षर चिकटवतं. म्हणजे दोन कापडं शिवताना टेलरने कधी शिवण आत घेतली, कधी मधे तिसऱ्याच कापडाची पट्टी घातली, असा प्रकार. ही पट्टी तुझ्या आईकडून आलेली नाही आणि बाबांकडूनही नाही. ती तुझ्या छातीत, हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते तिथे, तू लहान असताना तयार झाली आणि दादाच्या थायमसमध्ये वेगळी तयार झाली. एकसारख्या जुळ्यांचे रिसेप्टर वाचून बघितलेत लोकांनी, कोणता व्ही किती वापरला जातो ते प्रमाण दोघांत बऱ्यापैकी जुळतं, पण प्रत्यक्ष रिसेप्टरची यादी बहुतांशी वेगळी निघते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मुलीला उठवून सांगितलं होतं, इतकं भारी वाटलं.

आता हा रिसेप्टर करतो काय. एचएलए म्हणजे पेशीच्या बाहेरच्या बाजूची एक खाच समज. पेशीच्या आत जी प्रोटीनं असतात त्यांचे छोटे तुकडे, आठ-दहा अक्षरांचे (इथे अक्षर म्हणजे डीएनएचं नाही, प्रोटीनमधलं अमिनो आम्ल), ह्या खाचेत बसवून बाहेर मांडले जातात, जसं भाजीवाली टोपलीवर वानगीदाखल चार वांगी ठेवते तसं. टी-सेल येते, चाचपते, ओळखीचा वाईट तुकडा दिसला तर पेशी मारते. प्रत्येक एचएलएची आवड वेगळी. बी२७ ची खोड अशी की तुकड्यात दुसऱ्या नंबरचं अक्षर आर्जिनिन पाहिजे, बाकीच्यात बरीच सूट. आणि ही खोड नेहमी वाईटच असते असं समजू नकोस, एचआयव्हीच्या एका प्रोटीनचा तुकडा बी२७ इतका चांगला मांडतो की बी२७ असलेल्या बऱ्याच लोकांत औषध नसतानाही तो व्हायरस जास्त काळ काबूत राहतो. त्या तुकड्यात पण दुसरं अक्षर आर्जिनिनच. हिपॅटायटिस सी च्या बाबतीत पण बी२७ ची बाजू चांगलीच आहे. तुला हा जीन शाप वाटत असेल तर एवढं तरी लक्षात ठेव.

रिसेप्टरला चाचपायला बोटं असतात असं धर. व्ही जीनमधून जी दोन बोटं येतात ती जास्त करून खाचेच्या कडा धरतात, म्हणजे एचएलए. आणि ती शिवण आहे ना, बेभरवशाची, त्यातून तिसरं बोट बनतं आणि ते बरोबर मधे, तुकड्यावर टेकतं. म्हणून कोणती टी-सेल कशावर चिडणार हे अर्धं वारशाने आलेल्या व्ही वर ठरतं आणि अर्धं त्या शिवणीवर. नुसता व्ही सांगून उपयोग नाही, नुसती शिवण सांगून पण नाही.

ह्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण सिलिअ‍ॅक आजारात दिसतं, ज्यांना गहू चालत नाही ते. तिथे शत्रू कोण ते माहितीये, ग्लूटेनचा तुकडा. खाच कोणती ते माहितीये, डीक्यू२ नावाचा दुसरा एक एचएलए. आणि एकमेकांशी काही नातं नसलेल्या पेशंटांच्या आतड्यातून टी-सेल काढल्या तर त्यात परत परत तीच जोडी येते, अल्फाला टीआरएव्ही२६-१ नावाचा व्ही आणि बीटाला टीआरबीव्ही७-२ नावाचा व्ही, आणि शिवणीत ठरलेल्या जागी एक आर्जिनिन. म्हणजे वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी आपापला कॅट पिसला आणि हातात तीच पानं आली. हे नशीब नाही, ग्लूटेनला चिकटायला तोच आकार लागतो म्हणून तेवढेच वाढतात, बाकीचे कोपऱ्यात पडून राहतात.

दादाच्या आजारात शत्रूचं नाव इतकं स्वच्छ नव्हतं, पन्नास वर्षं लोक शोधत होते. पोटातल्या बॅक्टेरियावर संशय आधीपासून होता कारण साल्मोनेला, शिगेला असल्या जंतूंनी जुलाब झाल्यावर काही बी२७ वाल्यांचे सांधे सुजतात हे डॉक्टरांना माहीत होतं. मग पेशंटच्या सुजलेल्या सांध्यातलं पाणी काढून त्यातल्या टी-सेलचे रिसेप्टर वाचायला सुरुवात झाली, आणि वेगवेगळ्या पेशंटांत एकच ठसा दिसायला लागला: बीटाला टीआरबीव्ही९ हा व्ही, त्याला जोडलेला टीआरबीजे२-३ हा जे, मधली शिवण जवळपास तीच. २०२२ मध्ये ऑक्सफर्ड, स्टॅनफर्ड आणि सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सांध्यातले आणि डोळ्यातले असे रिसेप्टर घेतले (डोळ्याचं का ते पुढे सांगते), अल्फाला टीआरएव्ही२१ असलेले, आणि बी२७ च्या खाचेत प्रचंड संख्येने वेगवेगळे तुकडे बसवून बघितलं की हे कशाला चिकटतात. एकच रिसेप्टर बॅक्टेरियाच्या तुकड्यावरही उठत होता आणि माणसाच्या स्वतःच्या प्रोटीनच्या तुकड्यावरही. गुरख्याने लांडग्यासाठी ठेवलेला कुत्रा, आणि घरच्या कालवडीचं तोंड नेमकं लांडग्यासारखं, असं झालं ते.

सगळे ह्यावर एकमत आहेत असं नाही हां. एक गट म्हणतो बी२७ चं प्रोटीन नीट घडी होत नाही, पेशीच्या आत चुरगळून पडतं आणि त्या ताणाने सूज येते, टी-सेलचा संबंध नंतरचा. शिवाय ईआरएपी१ नावाचा जीन आहे, तो तुकडे खाचेत बसण्याआधी कापून मापाचे करतो, त्याच्यातल्या फरकाने धोका बदलतो आणि तो फरक बी२७ असलेल्यांतच जाणवतो. मला स्वतःला हे शेवटचं तुकड्यांच्या बाजूने बोलणारं वाटतं, कापणाराच बदलला की मांडलेला माल बदलतो, पण मी निवृत्त बाई, माझ्या मताला कोण विचारतंय.

आता तुझं आणि दादाचं. बी२७ दोघांत आहे. टीआरबीव्ही९ चा जीन दोघांत आहे, तो तर माझ्यातही आहे. पण त्या व्ही ला नेमका तो जे लागणं, मधे नेमकी ती शिवण पडणं, त्याला नेमकी ती अल्फा साखळी मिळणं, ती पेशी थायमसच्या परीक्षेत नापास न होणं (स्वतःच्या अंगावर फार जोरात चिडणाऱ्या पेशी तिथेच मारून टाकतात, पण थोड्या चिडणाऱ्या निसटतात), पुढे तिला तो जंतू भेटणं, तिने पिल्लं घालणं आणि ती पिल्लं पाठीच्या खालच्या सांध्यात जाऊन बसणं, ही सगळी रांग दादाच्या अंगात लागली. तुझ्यात ती लागेलच असं तुझ्या जीन्समध्ये कुठेही लिहिलेलं नाही. पण लागणारच नाही असंही नाही, कारण काही शिवणी सोप्या असतात, फार अक्षरं न घालता बनतात, त्यामुळे बऱ्याच लोकांत आपोआप तयार होतात, आणि ही त्यातलीच वाटते, नाहीतर इतक्या अनोळखी पेशंटांत तीच सापडली नसती. म्हणून जुळ्यांचा आकडा दोन टक्के पण नाही आणि शंभर पण नाही.

कुणी तुला सांगेल की टीसीआरच्या, म्हणजे टी-सेल रिसेप्टरच्या, जीनमधला फरक वारशाने येत असेल तर? येतो, एका आजारात तो ठळक आहे, नार्कोलेप्सी, बसल्या बसल्या झोप लागण्याचा आजार. २००९ मध्ये तिथे अल्फा साखळीच्या जीनच्या जागी, टीआरएजे२४ च्या आसपास, धोका सापडला. पण तुमचा दोघांचा कॅट तसाही सारखाच आहे, तेव्हा ह्या फरकाने तुझ्या बाबतीत काही सुटत नाही.

रशियाच्या औषधाचं. अफवा नाही ते. टीआरबीव्ही९ असलेल्या सगळ्या टी-सेल काढून टाकणारी ती अँटीबॉडी आहे, नाव सेनिप्रुटुग. २०२३ मध्ये एका पेशंटची हकिकत छापून आली, पाच वर्षं अँटी-टीएनएफ (सूज वाढवणारं टीएनएफ नावाचं प्रोटीन अडवणाऱ्या) इंजेक्शनवर असलेला माणूस, ह्या औषधावर तीन महिन्यांत आराम पडला, जुनं इंजेक्शन बंद झालं आणि चार वर्षं तसंच राहिलं, वर्षाला तीन डोस. २०२४ मध्ये रशियात त्याला मंजुरी पण मिळाली. कल्पना मला फार आवडते, आख्खी प्रतिकारशक्ती दाबायची नाही, फक्त त्या एका आडनावाच्या पेशी बाजूला करायच्या. त्यात निर्दोष पेशी पण जातात, टीआरबीव्ही९ वाली प्रत्येक पेशी काही गुन्हेगार नसते, पण एकूण टी-सेलमध्ये त्यांचा वाटा लहान असल्यामुळे शरीराला ते सोसतं असा त्यामागचा हिशोब आहे. पण बघ, हे औषध आजार असलेल्या माणसासाठी आहे. ज्याला आजारच नाही त्याला आधीच देऊन आजार टाळता येतो असं कुणी दाखवलेलं नाही, ह्या औषधानेही नाही आणि दुसऱ्या कुठल्याही नाही. दादासाठी कुरिअरने वगैरे मागवायचा विचार मावसभाऊ करत असेल तर त्याला हात जोडून सांग की करू नको. दादाला आज जे मिळतं ते पण काही कमी नाही, सुजेच्या गोळ्या, त्याने भागलं नाही तर टीएनएफ किंवा तसंच सुजेचं दुसरं प्रोटीन, आयएल-१७, अडवणारी इंजेक्शनं, त्यातल्या अडॅलिमुमॅबची भारतात बनलेली आवृत्ती २०१४ पासून आहे, मूळ औषधापेक्षा स्वस्त. फक्त टीएनएफवालं सुरू करण्याआधी टीबी लपलेला नाही ना ते तपासतात, ते टाळू देऊ नकोस, आपल्याकडे ते महत्त्वाचं आहे.

पॅकेजचं. टीसीआर वाचण्याचं तंत्र खोटं नाही, ब्लड कॅन्सरमध्ये एकाच पेशीची पिल्लावळ माजलीये का ते बघायला ते रोज वापरतात. पण तुझ्या दंडातून काढलेल्या दोन चमचे रक्तात तुझ्या टी-सेलचा किती अंश येणार? आणि त्यात ती टीआरबीव्ही९ वाली शिवण दिसली तर काय करणार, आणि नाही दिसली तर निश्चिंत होणार का? सांध्यात काय बसलंय ते रक्तात दिसेलच असं नाही, आणि रक्तात दिसलं म्हणून सांधा सुजेल असंही नाही. पाठदुखीच्या निदानात ही टेस्ट कुठलाही संधिवातवाला डॉक्टर मागत नाही. मेसेजमध्ये "धोका आधीच ओळखा" लिहिलंय ना, त्यांना विचार की पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय करायचं ते पण त्याच कागदावर लिहून द्या. बघ काय उत्तर येतं. (आणि जाता जाता, कुणाचा बी२७ फ्लो मशीनवर (ते पेशीवरचं प्रोटीन बघतं) "बॉर्डरलाइन" आला तर पीसीआरने, म्हणजे थेट डीएनएवर, परत बघायला सांग, बी७ नावाचा त्याचा भाऊबंद एचएलए मशीनला चकवतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की माझ्या मुलांना पण पाठ होतं.)

मग करायचं काय? पाठीकडे लक्ष, पण रात्रभर नाही. तुझी कूस बदलतानाची कळ म्हणजे आजार नव्हे, दिवसभर बाईक चालवल्यावर माझी पण पाठ दुखते. ह्या आजाराची दुखणी उलटी असतात: आराम केला की वाढतात, हललं की कमी होतात. पहाटे तीन-चारला जाग येते, उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी अर्धा तासाहून जास्त पाठ लाकडासारखी. कधी डावा ढुंगणाचा भाग दुखतो, कधी उजवा. आणि हे हळूहळू सुरू होऊन तीन महिन्यांच्या वर चालतं. दादाला विचार, तो तुला पहिल्या वर्षाचं सगळं सांगेल, त्याच्याइतका चांगला डॉक्टर तुला ह्या बाबतीत मिळणार नाही. असं काही दिसलं तर थेट संधिवातवाल्याकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांग, "माझ्या जुळ्या भावाला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे." दादाची चार वर्षं गेली तशी तुझी जाणार नाहीत, तुझा खरा फायदा हाच आहे. दुसरं, डोळा: एक डोळा अचानक लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही असं झालं तर मेडिकलमधून थेंब आणायचे नाहीत, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ह्या आजाराच्या पेशी डोळ्यात पण जातात, म्हणून तर त्या संशोधकांनी डोळ्यातल्या पेशी पण घेतल्या. हे दादालाही लागू.

सिगारेट ओढत असशील तर सोड, ज्यांना हा आजार आहे त्यांचा मणका सिगारेटने लवकर आखडतो हे दिसलंय. बाकी गहू सोड, दही सोड, अमुक काढा पी, असलं मनाने काही करू नकोस. आणि हा आजार बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होतो, पंचेचाळिशीनंतर नव्याने क्वचित, म्हणजे तू एकतिशीत बिनदुखता बसलायस तर रस्त्याचा बराचसा घाट तू चढून आलायस.

राहिलं लग्न. पत्रिकेतला मंगळ जसा चिठ्ठी-चपाटीने कळतो तसं हे कळू देऊ नकोस, आणि बायोडेटात तर अजिबात टाकू नकोस, तिथे "बी२७ पॉझिटिव्ह" वाचून मुलीचा काका गूगल करेल आणि पुढचं तुला माहितीये. दोन-तीनदा भेटलात, जमतंय असं वाटलं की तू स्वतः सांग, मध्यस्थ नको. काय सांगशील? माझ्या भावाला मणक्याचा सुजेचा आजार आहे, संसर्गाचा नाही, औषधं चालू आहेत, तो कामाला जातो. तोच जीन माझ्यात आहे, मला आज काही नाही, पुढे होऊ शकतं, कदाचित होणारही नाही. मुलांना तो जीन जायची शक्यता निम्मी, आणि जीन गेला म्हणजे आजार गेला असं नाही, कारण (इथे तिला कंटाळा येत नसेल तर पत्ते आणि टेलर दोन्ही सांग). एवढं ऐकून ती पळाली तर पळू दे. तिने पुढे काही विचारलं, की दादा सकाळी कसा उठतो वगैरे, तर बस थोडा वेळ अजून.

आणि दादाला एकदा बरोबर घेऊन जा भेटायला. लपवायचं काही राहत नाही, आणि नाहीतर लग्नात हार घालताना ती भलत्याच्याच गळ्यात घालायची.

– तुझी ताई